अक्काचा इलाज तिकडं, दाजींची हवा इकडं

सोलापुरात कुणी ऊन खायला येतं, यावर आमच्या कॉलनीत कुणाचा विश्वास बसेना. मार्च लागला की इथली माणसं लेकीच्या पुण्याची नाहीतर सुनेच्या नाशिकची वाट धरतात, आणि माझी थोरली बहीण अक्का आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, इंग्लंडमधलं घर विकून नेमके मार्चमध्येच होटगी रोडला राहायला आले. शेजारच्या काकूंनी मला आडून विचारलं की पोरानं घराबाहेर तर काढलं नाही ना. मी म्हटलं, पोरगा गुणी आहे, बाहेर काढलं ते तिथल्या थंडीनं.

थंडी दाजींच्या छातीला सोसत नव्हती. तरुणपणी ते तिथं लोखंडाच्या कारखान्यात होते, त्या धुरानं फुप्फुसं निकामी होत गेली. शेवटचे दोन हिवाळे तर दवाखान्यात नाकाला नळी लावूनच गेले. तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं की गरम आणि कोरड्या हवेत जाऊन राहा. गोरे म्हातारे अशा वेळी स्पेनला जातात म्हणे. दाजी मूळचे सोलापूरजवळच्या वळसंगचे. गरम आणि कोरडं म्हटल्यावर त्यांना दुसरं कुठलं गाव आठवणार?

अक्कानं तिथल्या सरकारी दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढला, पण तिची बोली जशी गेली तशीच परत आली. कॉलनीतल्या बायका तिला इंग्लंडच्या बाई म्हणायच्या आणि ती भाजीवाल्याला म्हणायची, "लई म्हाग लावलाय की रे." पाणी चार दिवसांनी येतं हे कळल्यावर तिनं पहिल्याच आठवड्यात पिंपं आणून भरली. तक्रार एकदाही केली नाही.

आल्याआल्या त्यांनी आरोग्य विम्याची चौकशी केली. विम्याचा माणूस घरी आला, दाजींच्या छातीचे कागद बघितले आणि नम्रपणे हात जोडले. अक्काला विमा मिळाला, पण लहानसा. तिच्या वयाला आणि तिच्या साखरेला त्याहून जास्त देता येत नाही म्हणाला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी महापालिकेत नळजोडणीच्या खात्यात नोकरी केलेला माणूस, शहरातला एक दवाखाना असा नाही जिथं माझी ओळख नाही. सोलापुरात ओळखीनं काय होत नाही?

पहिलं वर्ष फार छान गेलं. भर एप्रिलात, आम्ही पंख्याखाली मेल्यासारखे पडलेलो असताना, दाजी गच्चीत खुर्ची टाकून बसायचे. जिना एका दमात चढायला लागले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन त्यांच्या गालावर मांस आलं. मी त्यांना चिडवायचो की दाजी, तुम्ही माणूस आहात की वाळवण? ते हसायचे आणि हसताना त्यांना खोकला यायचा नाही. अक्का ते कान देऊन ऐकायची.

मग अक्काचीच पाठ दुखायला लागली. वय झालं, पिंपं उचलली, असं आम्ही म्हणत राहिलो. तिला मात्र संशय आला असावा, कारण रक्त तपासायला ती एकटीच जाऊन आली. रक्ताचा कॅन्सर निघाला. औषध आहे, डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण ते बंद करायचं नसतं. घेत राहायचं.

तिचा विमा पहिल्या दोन महिन्यांतच संपला. घर विकून आलेला पैसा तिकडचं कर्ज फेडण्यात आणि इथलं घर घेण्यात गेला होता, आणि त्या औषधाच्या इंजेक्शनांपुढे दोघांची पेन्शन म्हणजे दर्यात खसखस. मी ओळखी काढल्या. ज्यांच्या घरी मी रांग सोडून नळ दिले होते असे डॉक्टर, दवाखान्यांचे ट्रस्टी, एक माजी नगरसेवक, सगळ्यांकडे गेलो. सगळ्यांनी चहा पाजला, अक्काची आस्थेनं चौकशी केली आणि स्वतःची फी सोडून दिली. पण औषध काही त्यांच्या घरचं नव्हतं. सरकारी योजनेच्या खिडकीवर विचारलं, तर दोघांचे पासपोर्ट परदेशी. तिथली बाई मला म्हणाली, "काका, त्या आपल्या आहेत हे मला दिसतंय हो. पण कागदावर न्हाईत."

आणि जिथं तिचा जन्म गेला, तिथला इलाज तिथं राहणाऱ्यालाच. देश सोडून कायमचं बाहेर गेलं की हक्क संपला. स्पेनला गेलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचं त्यांचं सरकार बघतं, कारण त्या दोन देशांचं आपसात ठरलेलं आहे. सोलापूरशी कुणी काय ठरवलंय? हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आयुष्यभर त्यांची घाण काढलीस, पगारातून पैसे भरलेस, आणि आता ते ओळखही देत नाहीत?

अक्का शांतपणे म्हणाली, "बरोबरच हाय की त्यांचं. वॉर्डात मीच इचारायची लोकांना, तुमी हितं राहता का म्हणून. न्हाई म्हणाले की हापिसात कळवायची."

मार्ग एकच होता. परत जायचं, पोराकडे, आणि कायमचं तिथंच राहायचं. मग औषध फुकट. दाजींनी लगेच बॅगा काढायला सांगितल्या. तू जाशील तिथं मी, हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मलाही क्षणभर सगळं सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या छातीचा विचार माझ्या मनातही आला नाही. अक्काच्या आला होता. आठवडाभरानं एका दुपारी आम्ही तिघं जेवत होतो, तेव्हा ताटावर बसल्याबसल्या तिनं सांगितलं की ती एकटी जाणार.

दाजी म्हणाले, एक हिवाळा तरी निघेल. अक्का म्हणाली, न्हाई निघणार, मी तुमची छाती ऐकलीया. ते म्हणाले, नाही निघाला तर नाही निघाला. तेव्हा मात्र ती ताट बाजूला सारून बोलली, "तुमी तितं आलात तर मी औषध घेऊ का तुमास्नी धरून बसू? मला जगायचं हाय अजून. मला एकटीला जाऊ द्या."

तसं ती त्यांच्यासाठीच बोलत होती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी दाजींकडे बघितलं नाही. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, कारण पन्नास वर्षांत मी या गावात कमावलेल्या ओळखींपैकी एकही माझ्या बहिणीच्या कामाची नव्हती.

पोरगा येऊन तिला घेऊन गेला. आता दाजी माझ्याकडेच राहतात. रोज दुपारी अक्काचा व्हिडिओ फोन येतो, आणि दोघं निम्मा वेळ एकमेकांना काय जेवलात तेवढंच विचारतात. औषधानं तिच्या अंगात ताकद राहत नाही, जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून तिला विमान वर्ज्य. दाजींना छातीमुळे वर्ज्य. मध्यंतरी अक्काचं रक्त फार कमी झालं होतं, आता बरं आहे. तिथले डॉक्टर वर्षांचं काही बोलत नाहीत, पुढच्या महिन्याचंच बोलतात.

परवा दाजींना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुढून मागून नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि खूश झाले. म्हणाले, "हवा झकास मानवली तुम्हाला. थंडीचं आणि विमानाचं तेवढं नाव काढू नका. असेच राहिलात तर दहा वर्षं काही होत नाही बघा."

मी हसलो, डॉक्टरांचे आभार मानले. दाजी सदऱ्याची बटणं लावत होते. लावता लावता थांबले आणि डॉक्टरांना नाही, मला विचारलं, "दहा?"