रेडिएटरातली हळद

हळद कमळीने टाकली, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. डोंगराकडच्या चांदीपपासून खालच्या पापडीपर्यंत ज्याने त्याने आपापला गुन्हेगार ठरवून ठेवला होता, आणि त्यांतल्या एकाच्याही डोक्यात कमळीचं नाव आलं नाही. नवरा नुकताच गेलेली, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेली बाई. तिच्यावर कोण संशय घेणार?

ज्यांचा जुन्या गाड्यांशी संबंध आलेला नाही त्यांना हळदीचं प्रकरण आधी समजावून द्यायला हवं. रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पुढची टाकी. ती ठिबकायला लागली की आपल्याकडचे ड्रायव्हर तिच्यात थोडी हळद टाकतात. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन फुगते आणि गळती थांबवते. गॅरेजवाले हे बघून कपाळावर हात मारून घेतात. पण गाडी घरी पोचलेली असते, आणि घरी पोचलेल्या माणसाला गॅरेजवाल्याचं शहाणपण ऐकायची गरज वाटत नाही.

कमळीचा नवरा बळीराम. त्याची जीप त्यांच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत दारात आली. तेव्हाही ती जुनीच होती. ताडपत्रीचं छप्पर, दाराच्या जागी साखळी. डोंगरातल्या पाड्यांवर जिथे रिक्षावाला नुसतं नाव ऐकून मान फिरवतो, तिथे बळीराम भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाया आणि तापाने फणफणलेली पोरं घेऊन जायचा-यायचा. कमळी त्याच्या शेजारी, पायांत पाण्याचा कॅन धरून. चढणीवर जीप तापली की ती चालत्या गाडीतून उतरायची, मागच्या चाकाखाली धोंडा सरकवायची, गाडी निवली की ओलं पोतं झाकणावर टाकून ते सोडवायची आणि पाणी भरायची. हळदीचा एक डबा चुलीपाशी आणि एक जीपच्या खणात. गावात लोक म्हणायचे, बळीरामची जीप फोडणी दिल्याशिवाय डोंगर चढत नाही. कमळीला या थट्टेचा राग येत नसे. उलट आतून बरं वाटे. घरात तिचं ऐकत कोणीच नव्हतं, पण जीप ऐकत होती.

कारण बळीराम. त्याने बायकोवर कधी हात उगारला नाही, हे खरं. पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एखादी वस्तू सांडली, भाजीत मीठ कमी पडलं, की तो चार माणसांत असं काही बोलून जायचा की पुढे आठवडाभर कमळी त्या माणसांसमोर जायचं टाळायची. त्यामुळे तिला एक सवय लागली होती. चूक झाली की पहिल्यांदा ‘मी नाय’ म्हणायचं, मग बघायचं.

या तिरसट माणसाचा सगळ्या मुलखात एकच मित्र, पापडीचा व्हिन्सेंट. वाडीतल्या घरापुढे पत्र्याची शेड टाकून तो गॅरेज चालवत होता. दोघांचं भांडण झालं नाही असा महिना गेला नसेल. तरी नवीन भाताचे पहिले तांदूळ व्हिन्सेंटकडे जायचे आणि नाताळच्या संध्याकाळी बळीराम जेवायला त्याच्या घरी असायचा.

गेल्या वर्षी जीप फारच तापायला लागली, तेव्हा व्हिन्सेंटने ती हट्टाने ठेवून घेतली. रेडिएटर उतरवला, आतल्या नळ्या साफ केल्या, इंजिनातून उलटं पाणी सोडलं. कित्येक वर्षांचा गाळ आणि गंज बाहेर पडला. गळती डाख देऊन बुजवली आणि वरपर्यंत हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं दुकानातलं तयार पाणी, भरलं.

“बळी, ऐक,” तो म्हणाला. “आता यात विहिरीचं पाणी नाही, हळद नाही, काही नाही. कमी झालं किंवा गळलं, तर गाडी सरळ माझ्याकडे आणायची.”

आणि नवल असं की आयुष्यात कोणाचं न ऐकलेल्या बळीरामने हे ऐकलं. घरी येऊन त्याने जीपच्या खणातला हळदीचा डबा काढला आणि कमळीच्या हातात दिला. “आता त्याला हात नाय लावाचा. व्हिन्सानं सांगितलाय.”

कमळीला ते लागलं. इतकी वर्षं निभावलेलं काम कोणी न विचारता काढून घेतलं होतं. तिने डबा फळीवर ठेवला.

मग वैशाखात जागृतीच्या मुलीचं बारसं आलं. जागृती त्यांची मुलगी, डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावर दिलेली. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघायला लावून, नवससायास, डॉक्टर सगळं करून झाल्यावर तिला मूल झालं होतं. सासरच्यांनी टोमणे मारून तिला अर्धी केली होती, आणि त्या सगळ्यांसमोर नात मांडीवर घेऊन बसायला कमळी आसुसली होती. बारशाच्या दिवशी सकाळी अंगण झाडताना तिला जीपखाली हिरवं थारोळं दिसलं.

बळीराम आंघोळीला बसला होता. त्याला सांगितलं असतं तर त्याने गाडी पापडीला वळवली असती, म्हणजे उलट्या दिशेला, आणि बारसं बुडालं असतं. शिवाय वर तो बोलला असता ते वेगळंच. कमळीने फळीवरचा डबा घेतला. गाडी गार होती, झाकण सहज निघालं. एरवीसारखी एक मूठ टाकली. मग बोट बुडवून पाहिलं तर ते हिरवं पाणी तेलकट, निसरडं लागलं. तिला वाटलं, असल्या पाण्यात एवढीशी हळद धरायची नाही. तिने सगळा डबा रिकामा केला, वर विहिरीचं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि खालच्या थारोळ्यावर माती सारली.

अर्ध्या चढणीवर जीपने वाफ सोडली. अशी वाफ कमळीनेही कधी पाहिली नव्हती. बॉनेट उघडता येईना. बळीराम खाली उतरून बघतच राहिला.

“मी तर हात लावला नाय,” तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. “तू कायी टाकला काय त्याच्यात?”

“मी नाय,” कमळी म्हणाली.

त्याने लगेच विश्वास ठेवला, हेच वाईट. व्हिन्सेंटला त्याने तिथे उभ्या उभ्या ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मित्र म्हणून दाराशी गेलो आणि त्याने कसलंतरी पाणी भरून गळा कापला, असं म्हणत तो कॅन घेऊन खाली ओहोळाकडे उतरला. कमळी म्हणाली मी जाते, तर तिच्यावर खेकसला. भरलेला कॅन घेऊन तो परत चढला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. गाडीपर्यंत पोचला नाही. कडेच्या दगडावर बसला, छाती चोळायला लागला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला. त्याच्या तोंडातून शेवटचं नीट निघालेलं वाक्य देवाचं नव्हतं, नातीचं नव्हतं. “आता व्हिन्साचा तोंड बघनार नाय,” तो म्हणाला. एक मोटारसायकलवाला येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

मयताला व्हिन्सेंट आला, बायकोला घेऊन. हितेशने त्याला कुंपणापाशीच अडवलं. हितेश म्हणजे कमळीचा मुलगा. शहराकडे तुळिंजला फ्लॅट, कुरियर कंपनीत नोकरी, डोकं बापासारखंच गरम. जीप गरम होऊन अडली म्हणून बाप गेला आणि जीप व्हिन्सेंटने दुरुस्त केली होती, हा त्याचा सरळ हिशेब. “तुमच्या कामामुळे माझा बाप गेला, अंकल. आत येऊ नका.” कमळीने ओटीवरून ते पाहिलं आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. लोकांना वाटलं, बाई रडते आहे. ती रडतही होती, पण पदर त्यासाठी ओढला नव्हता.

हितेशने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहिलं, व्हिन्सेंटच्या नावासकट. डोंगराकडच्या पूर्वपट्ट्यातल्या जीप, पिकअप, टेम्पो त्याच्या शेडकडे फिरकेनासे झाले. एक-दोघांनी तर भर रस्त्यात त्याला खुनी म्हटलं. शेवटी त्याने निरोप धाडला की जीप ओढून आणा आणि माझ्यासमोर, तुमच्यासमोर रेडिएटर उघडा. माझी चूक असेल तर शेड बंद करतो.

तेरावं उरकल्यावर हितेशने जीप पापडीला पोचवली आणि कमळीला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. व्हिन्सेंटची बायको प्रिस्का ओट्यावर सुकट निवडत बसली होती. एरवी कमळीला बघून हाताला धरून आत नेणारी बाई, आज तिने मानसुद्धा वर केली नाही. कमळीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. उघडल्यावर काय निघणार, हे तिथे फक्त तिला ठाऊक होतं.

हितेशने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. व्हिन्सेंटने खाली घमेलं सरकवलं आणि रेडिएटरची खालची, पाणी काढायची चावी सोडली. काहीच आलं नाही. त्याने तार घालून खुपसलं, फिरवलं. तेव्हा पिवळा लगदा पचकन घमेल्यात पडला. मागोमाग आणखी एक. शेडमध्ये जळक्या हळदीचा वास सुटला. व्हिन्सेंटने बोटाने तो लगदा चोळून पाहिला आणि ते बोट हितेशपुढे धरलं.

हितेशने मोबाइल खाली घेतला. 

“बाबा,” तो म्हणाला. “बाबांनीच टाकली. शेवटपर्यंत कोणाचं ऐकलं नाही त्या माणसाने.” त्याने मोबाइल पुन्हा वर घेतला. “सॉरी अंकल. मी आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाकतो. माफी मागतो सगळ्यांसमोर.”

व्हिन्सेंट टायरवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. “एवढं सांगितलं होतं रे बळी तुला,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. प्रिस्का उठली, हात धुतले आणि चहा ठेवायला आत गेली. जाताना तिने कमळीच्या खांद्यावर हात ठेवला.

किती सोपं झालं होतं बघा सगळं. व्हिन्सेंट सुटला, हितेशला रागवायला मेलेला माणूस मिळाला, आणि मेलेला माणूस काही उलट बोलायला येत नाही. कमळीने फक्त चहा प्यायचा होता. तिने तसं ठरवलंही असेल थोडा वेळ. पण हितेश मान खाली घालून मोबाइलवर लिहायला लागला, ‘चूक आमच्या वडिलांचीच’, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागला. कमळीला ते ऐकवेना. त्या माणसाने उभ्या जन्मात एकदाच कोणाचं तरी ऐकलं होतं, आणि नेमकं तेच आता पुसलं जात होतं.

“तुज्या बापानं नाय टाकली,” ती म्हणाली. “मी टाकली.”

“आई, तू मध्ये पडू नकोस.”

“सकाली पानी गलत होता. बारसा बुडेल म्हनून मी डबा ओतला. त्याला ठाव नव्हता.”

हितेशच्या बोटांखालचा मोबाइल विझला. “विचारलं नाही त्यांनी तुला?”

“इचारला.”

“मग?”

“मी नाय म्हनली.”

हितेशने मोबाइल खिशात टाकला. तो शेडबाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तो वाडीच्या वळणापर्यंत ऐकू आला आणि मग विरला. कमळी परत कशी जाणार, हे त्याने विचारलं नाही, आणि तिलाही तेव्हा ते सुचलं नाही.

व्हिन्सेंटने डोळे पुसले. काय करावं ते न सुचून त्याने नळाचा पाईप रेडिएटरच्या तोंडात घातला आणि पाणी सोडलं. खालून पिवळं पाणी वाहायला लागलं. दोघंही त्याकडे बघत उभे राहिले. आतमध्ये प्रिस्काच्या कपबशांचा आवाज होत होता.

“वहिनी,” तो पाण्याकडे बघतच म्हणाला, “जाताना त्याने माझं नाव घेतलं होतं का?”

कमळीला कळलं की त्याला काय हवं आहे. ‘व्हिन्साला सांग, माझा राग नाही,’ असं एक वाक्य पुरलं असतं, आणि खरं-खोटं करायला वर कोणी जाणार नव्हतं. पण आयुष्यभर भीतीने खोटं बोलून तिचं हे असं झालं होतं. आता एकदा खरं बोलायला सुरुवात केली तर थांबायचं कुठे, ते तिला समजेना.

“घेतला,” ती म्हणाली, आणि बळीराम जे बोलला होता ते तिने होतं तसं सांगितलं.

व्हिन्सेंटने नळ बंद केला. पाईप गुंडाळून खिळ्याला लावला, हात फडक्याला पुसले, आणि मगच तिच्याकडे पाहिलं.

“एवढं एक तरी खोटं बोलायचं होतंत, वहिनी,” तो म्हणाला.