हरवलेल्या मेंढपाळाची केस

ती केस मी अजून विसरलेले नाही. आठवली की आधी हसू येतं, मग मान ताठ होते. या क्रमात आजवर बदल झालेला नाही.

निझामाचा अंमल होता. वसमतच्या ठाण्यात अमीनसाहेब, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, त्यांच्या हाताखाली एक जमादार, काही जवान आणि मी. मी म्हणजे जनान्याची झडतीवाली. पुरुष पोलिसाला परक्याच्या माजघरात शिरता येत नसे, बाईच्या अंगाला हात लावता येत नसे, म्हणून ठाण्याने एक बाई ठेवलेली. वर्दी नव्हती. होता तो एक पितळी बिल्ला. पुढे राज्य बदललं, खाकी मिळाली, आणि जमादार म्हणून मी निवृत्त झाले. पण त्या वेळची मी म्हणजे एक नगच होते. बिल्ला चिंचेने घासून लखलखीत करायचे आणि पदरावर असा लावायचे की माणसाला आधी बिल्ला दिसावा, मग मी. भाजीवालीनेसुद्धा मला घाबरून कोथिंबीर द्यावी, अशी माझी अपेक्षा. ती कसली घाबरते? “ए बिल्ला, सुट्टे काढ,” म्हणायची.

ठाण्याच्या हद्दीत कुरुंद्याला आठवडी बाजार भरे. तिथे एक ख्रिस्ती प्रचारक यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बरोबर त्यांची बायको, एक पेटी, एक झांज आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत लाल, हिरवी, पिवळी छापील पत्रकं आणि तळहाताएवढी शुभवर्तमानाची पुस्तकं. पण लोक जमायचे ते चित्रांसाठी. कापडाचं अस्तर लावलेली मोठी रंगीत चित्रं एका लाकडी पट्टीला ठोकलेली असत. ती गुंडाळी बांबूला टांगायची आणि एकेक चित्र उलटत गोष्ट सांगायची. बाई झांज वाजवून गाणं म्हणायची आणि मग मास्तर पत्रकं वाटत ओरडायचे, “घ्या, फुकट आहे, घरी न्या!” जिल्ह्यातल्या सगळ्या प्रचारकांत मिळून गुंडाळी एकच होती आणि ती मास्तरांच्या जबाबदारीवर होती.

एका बाजारी ऐन गर्दीत वावटळ उठली. धूळ, पालापाचोळा, कुणाचा तंबू उडाला, एक गोऱ्हा दावं तोडून सुटला. लोक पांगले. मास्तर पेटी वाचवायला धावले. परत आले तर बांबू जागेवर आणि गुंडाळी नाही. तिची लांबट पिशवीही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर ठाण्यात आले. रपट लिहून घेतली. त्यांचा संशय कुणावरच नव्हता. संशय आणून दिला तो एका किराणा दुकानदाराने. तो आपल्या पायांनी ठाण्यात आला आणि जमादारांच्या कानाला लागला. “पिंजारी चाचा लांब गुंडाळी खांद्यावर टाकून पळताना म्या डोळ्यानं पाहिला. त्याचं आन् मास्तरचं मागल्या बाजारी वाजलं बी होतं, जागेवरून.”

पोलिसात जो आपणहून बातमी आणतो, त्याची बातमी ऐकावी आणि त्याच्या घरी काय जळतंय तेही पाहावं. हे मी आज सांगते. तेव्हा मी आणि जमादार टांगा जुंपूनच निघालो.

चाचा म्हातारा, अंगभर कापसाचं बोंड फुटल्यासारखा पांढरा. त्याच्या लेकीचा निकाह येत्या जुम्म्याला होता. अंगणात मांडव पडला होता, आणि मांडवाला सुतळीवर ओवलेल्या पताका होत्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. जमादारांनी एक पताका ओढून पाहिली. मास्तरांची पत्रकं!

“हे कुठून आणलं?”

“वाटत होते साहेब, फुकट. पोरीला रंग आवडला.”

“आणि मजकूर?”

“मऱ्हाटी मला वाचता येत न्हाई. रंग वाचता येतो.”

मी आत जाऊन झडती घेतली. नवरीची पेटी, रजया, कणगी, सगळं पाहिलं. गुंडाळी नव्हती. तरी जमादारांनी चाचाला ठाण्यात आणलं. पताका मुद्देमाल म्हणून जप्त केल्या. नवरीमुलगी दारात उभी होती. रडली नाही. माझ्या बिल्ल्याकडे बघत म्हणाली, “बाई, नवऱ्याकडचे लोक हट्टा गावचे हायेत. बाप कोठडीत असला तर वरात येनार न्हाई.”

अमीनसाहेब सरळ माणूस. मारहाण त्यांना पसंत नसे, पण प्रश्न फिरवून फिरवून विचारत.

“खांद्यावर काय होतं?”

“गादी होती, साहेब. पाटलीनबाईची.”

“पळत का होतास?”

“वारा सुटला होता. भरलेली गादी भिजली, धूळ खाल्ली, तर पैसे कोन देनार?”

“गुंडाळीत देवाची चित्रं होती. तुझं मास्तरशी भांडण होतं.”

चाचा म्हणाला, “साहेब, मी कापूस पिंजतो. देव न्हाई पिंजत.”

अमीनसाहेबांच्या मिशीला हसू आलं, पण सुटका आली नाही. पाटलीण माहेरी गेलेली. गादीची साक्ष लगेच मिळेना. माल सापडेपर्यंत चाचा आत, असं ठरलं. जुम्मा तोंडावर आला होता.

मग अमीनसाहेबांनी हुकूम दिला, बाजारात पुढच्या रांगेत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी जा, विचारा, नजर फिरवा. पुढच्या रांगेत एक धनगरीण म्हातारी हमखास असायची. तिच्या घरी जमादार दारात थांबले, मी आत. मी अगदी पोलिसी आवाज काढला.

“आजी, मास्तरांची चीज चोरीला गेली. कोणी नेली, पाहिलं का?”

“चोरी? न्हाई बा. म्या कुनाला चोरी करताना पाहिलं न्हाई.” म्हातारी शांतपणे ताक घुसळत होती. “तू कोनाची गं? पोलिसाची लेक का सून?”

“मी स्वतः पोलीस आहे.”

“अगं बया! एवढीशी?” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ताक पी. मग धर चोर.”

मी ताक प्यायले. कणगी पाहिली, उतरंड पाहिली, माळ्यावर काठी फिरवली, घोंगड्यांची चळत उलटी केली. लांब पिशवी कुठेच नव्हती. निघताना देव्हाऱ्यासमोर आले. दिव्याचा उजेड, भंडाऱ्याची पिवळी रास, भिंतीवर हळदीने माखलेला देव. मी डोळे घट्ट मिटले आणि मनात म्हटलं, ‘देवा, माझी पहिली केस माझ्या हातून उघडू दे. नारळ वाढवीन.’ वाकताना बिल्ला भंडाऱ्यात टेकला. बाहेर येऊन जमादारांना ऐटीत सांगितलं, “घर साफ आहे.” त्यांनीही दारातूनच हात जोडले.

त्या दुपारी ठाण्यात मास्तरांचं पुरवणी बयान चाललं होतं. अमीनसाहेबांनी विचारलं, गुंडाळीत कोणकोणती चित्रं, ओळख काय? मास्तर डोळे मिटून सांगू लागले. वादळातली नाव. विहिरीवरची बाई. उधळा मुलगा. मी कोपऱ्यात बसून काडीने बिल्ल्याच्या अक्षरांत अडकलेली हळद उकरत होते आणि हळद काही निघेना.

“आणि शेवटचं, वावटळ आली तेव्हा उघडं होतं ते,” मास्तर म्हणाले, “हातात काठी, खांद्यावर कोकरू. हरवलेलं कोकरू शोधून आणणारा मेंढपाळ.”

माझ्या हातातली काडी मोडली.

हळदीने माखलेला देव. खांद्यावर काहीतरी चारपायी. मी त्यालाच नवस बोलले होते!

आता सांगायला गंमत वाटते. त्या क्षणी कानशिलं तापली. चोरीला गेलेल्या मालापुढे हात जोडून मी त्यालाच विनवलं होतं, की बाबा, तू सापड.

“साहेब,” मी उभी राहिले, “माल कुठे आहे मला माहीत आहे.”

“कुठे लपवलाय?”

“लपवलेला नाही. मांडलाय.”

अमीनसाहेब, जमादार, मास्तर आणि मी, असे सगळे धनगर गल्लीत गेलो. म्हातारीने मास्तरांना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “या मास्तर! पाहा, कसा शोभून राहिला.”

गुंडाळी भिंतीला टांगलेली होती, वरचं चित्र उघडं, बाकीची मागे. कोकराच्या कपाळाला कुंकू, मेंढपाळाच्या पायाशी ताकाची वाटी. लांबट पिशवीचा तिने देव्हाऱ्याला पडदा केला होता. मघाशी तो पडदा बाजूला सारूनच मी नमस्कार केला होता.

अमीनसाहेबांनी विचारलं, “आजी, हे का उचललंत?”

“काहून म्हणजे? वावटळ आली. समदे पळाले, मास्तर बी पेटी घेऊन पळाले. देव एकलाच ऱ्हायला, खांद्यावर कोकरू घेऊन. म्हणलं, चल बाबा माज्या घरी.” मग मास्तरांकडे वळून म्हणाली, “तुमीच म्हणत व्हता न्हवं, घ्या, फुकट हाय, घरी न्या. कागद मला काय कामाचा? मला वाचता येत न्हाई. हा वळखू आला. आवंदा माजी कोकरं रोगानं मरून राहिली. त्यास्नी उचलून घेणारा कोनी पायजे का न्हाई?”

पंचनामा करायचा तर माल जप्त करणं आलं. अमीनसाहेबांनी जमादारांकडे पाहिलं. जमादारांनी आपल्या कातडी पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, चामडं घालून देव्हाऱ्याला हात कसा लावू?” मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जनानी झडतीवाली शेवटी असल्याच कामाला! मी चपला काढल्या.

“पोरी, हळू,” म्हातारी म्हणाली. “कोकरू पडंल.”

माझा हात तिथेच थांबला.

मास्तर पुढे आले. कोकराच्या कपाळावरच्या कुंकवाकडे ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या धर्मात ते बसत नव्हतं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी खिशातून चाकू काढला, लाकडी पट्टीचे वरचे खिळे उपसले, आणि मेंढपाळाचं चित्र तेवढं सोडवून पुन्हा भिंतीवर लावलं. बाकीची गुंडाळी काखेत घेतली.

“मास्तर, वरच्यांना काय सांगाल?” अमीनसाहेबांनी विचारलं.

“सांगीन, मेंढपाळ कळपात राहिला.”

अमीनसाहेबांनी रपटेवर शेरा मारला: माल मिळाला, चोरी झालेली नाही. चाचा त्याच संध्याकाळी सुटला. जप्त पताका मीच परत नेऊन दिल्या. त्या चुरगळल्या होत्या, म्हणून मास्तरांनी ट्रंक उघडून नव्या पत्रकांचा गठ्ठा दिला. “रंग निवडून घ्या,” म्हणाले. जुम्म्याला हट्ट्याची वरात वेळेवर आली. मांडवात मास्तर आणि त्यांची बायकोही जेवायला होते. नवरीने घुंगटातून माझ्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे नाही.

दुकानदाराचा राग कशाचा होता तेही उघड झालं. चाचा त्याच्या दुकानापुढे कापूस पिंजायचा आणि तंतू उडून गुळाला चिकटायचे. अमीनसाहेबांनी त्याला बोलावून एवढंच सांगितलं, “चाचा तिथेच बसेल. तू गूळ झाक.”

पुढे मी खूप झडत्या घेतल्या. गाजलेल्या केसेस हाताळल्या, मोठ्या साहेबांची शाबासकी घेतली. पण कामाचं जे मूळ शिकले ते त्या घरात. चोर माल लपवतो. ज्याला माल आपला वाटतो, तो उजेडात मांडतो आणि त्याच्यापुढे दिवा लावतो. आम्ही कायम अंधारात काठी फिरवतो. नव्या पोरींना शिकवताना मी सांगायचे, आधी त्या घराचं प्रेम कशावर आहे ते पाहा, मग त्याची भीती कशाची आहे ते शोधा.

नारळाचं कबूल केलं होतं, म्हणून नेऊन दिला. म्हातारी म्हणाली, “ठेव तिथं. पन मेंढराच्या देवाला दूध आवडतं, पुढल्या येळी ध्यानात ठेव.”

आजही देवळात मी उघड्या डोळ्यांनी हात जोडते. नात टोकते, “आजी, डोळे मीट ना!”

मी म्हणते, “मिटले होते एकदा, बाळा. तेव्हा नेमका तोच समोर होता.”