कँटरबरीची खिडकीकडची जागा

माझे वडील बावीस वर्षं बोटीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. एडन, पोर्ट सैद, लंडन ही नावं ते आम्ही मिऱ्या-शिरगाव म्हणावं इतक्या सहज घेत. पण लंडन कसं आहे असं विचारलं की म्हणायचे, "ओलं हाय. गोदीत लय चिखल." पुढे अक्षर नाही. मला याचा भयंकर राग यायचा. वर्गातल्या एकीचे वडील फक्त कोल्हापूर पाहून आले, तर तिने आम्हाला आठवडाभर पिडलं होतं. आणि आमचे विलायतेला जाऊन येऊन चिखल सांगणार!

याच्या मुळाशी होती यादी. वडील निघायचे म्हटलं की आमच्या अख्ख्या आळीची यादी तयार व्हायची. कुणाला दाढीची पाती, कुणाला बॅटरी, कुणाला छत्री, समोरच्या चाचीला मशीनच्या सुया. नाही म्हणायची सोय नव्हती. वडील सहा-सात महिने समुद्रावर असत तेव्हा हीच माणसं आमचं छप्पर शाकारून देत, जाळ्याला मासळी लागली की वाटा धाडत, आई आजारी पडली की डॉक्टरकडे नेत. त्यामुळे लंडनच्या गोदीत वडिलांना एका खेपेत जो एक अख्खा दिवस सुट्टीचा मिळायचा, तो छत्र्या उघडून-मिटून बघण्यात जायचा.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी वडील मे महिन्यात निघाले. मुंबईहून त्यांचं पत्र आलं, की बोट जुलैत लंडनला लागेल, यादी पोर्ट सैदच्या पत्त्यावर धाडा. ते वाचून माझं डोकंच फिरलं. यंदा हा दिवस बाबांचा, असं मी ठरवून टाकलं.

कुठे जायचं ते आधीच ठरलेलं होतं. मागच्या खेपेला आणलेलं गजराचं घड्याळ ज्या कागदात गुंडाळून आलं, तो कागद आईने फडताळात गुळाच्या डब्याखाली अंथरला होता. तो तिकडच्या रेल्वेचा कागद होता. त्यावर कँटरबरीच्या मोठ्या ख्रिस्ती देवळाचं चित्र आणि लंडनहून तिथे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा. गूळ काढताना वाचून वाचून मला त्या पाठ झाल्या होत्या. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मी तो कागद घेऊन आमच्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेले. ते देऊळ त्यांनी वर्गात धड्यातून पंचवीस वर्षं शिकवलं होतं. स्वतः ते कोल्हापूरच्या पलीकडे गेलेले नव्हते. कागद पाहून त्यांनी चष्मा तीनदा पुसला.

"उद्या येताना वही आण," म्हणाले. "हे काम घाईचं नाही."

एकच अडचण होती. आमच्या रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. मास्तरांनी आगगाडी आयुष्यात दोनदा पाहिलेली, मी एकदाही नाही. आम्हाला माहीत फक्त एसटी. म्हणून आम्ही एसटीच्या हिशेबाने सगळं नीट लिहून काढलं. गाडीच्या आधी दोन तास जाऊन बसा. गाडी लागली की लोक उतरायची वाट न बघता खिडकीतून सीटवर रुमाल टाका, म्हणजे जागा धरली जाईल. चहाला उतरताना ड्रायव्हरला सांगून उतरा. आवळकाठी खिशात ठेवा, घाटात मळमळतं.

"इंग्लंडात घाट नसावेत," मास्तर म्हणाले.

"आणि असले तर?"

मास्तरांनी विचार केला आणि आवळकाठी राहू दिली.

मग मी घरोघर जाऊन सांगितलं, यंदा यादी नाही. मला वाटलं भांडणं होतील. पण चाचीच म्हणाली, "खरा हाय गो. एक दिस त्याचा त्याला नको व्हय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हवेत तरंगतच घरी आले. तिसऱ्या दिवशी चाची दारात हजर.

"लंडनचा काय नको मला. पन त्या कँटरबरीत सुया मिलतात काय, तेवढा लिव."

तिच्या पाठोपाठ छत्री आली, बॅटरी आली. आठ दिवसांत कँटरबरीची यादी लंडनच्या यादीपेक्षा लांब झाली. मी रागाने रडायलाच लागले. आई इतके दिवस एक शब्द बोलली नव्हती. तिने माझ्या हातातून यादी घेतली, चुलीत घातली आणि दारात जाऊन आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यादी माज्या चुलीत गेली. कोनाला राग आला तर माज्यावर काडा, पोरीवर नको!"

मग माझ्याजवळ येऊन बसली. "आता माजी एक वळ लिव. त्या दिवशी हातात डाव धरू नका. दुसऱ्यानं रांधलेलं बसून खा."

ती ओळ मी शेवटी लिहिली आणि पत्र पोर्ट सैदला गेलं. पुढे पाऊस लागला. ऑगस्टात वडिलांचं पत्र आलं: तब्येत बरी आहे, काळजी नसावी. कँटरबरीचं नाव नाही. मास्तर रोज वर्गात शिरताना माझ्याकडे बघत आणि मी मान हलवत असे.

दिवाळीच्या तोंडावर वडील आले. आळी जमली, मास्तरही आले. ट्रंक उघडली. पाती, बॅटऱ्या, छत्र्या, चाचीच्या सुया, सगळं जिथल्या तिथे!

"म्हणजे तुम्ही गेलाच नाय?" मी ओरडलेच.

"गेलो तर! ह्या सगळा येताना एडनला घेतला. दरसालची यादी मला पाठ हाय. तासाभराचा काम."

"एडनला मिळतं? मग इतकी वर्षं लंडनला कशाला फिरत होता?"

"यादीवर लंडन लिवलेला असायचा," वडील म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, आणि बावीस वर्षांचं तुंबलेलं एकदम सांगितलं. दोन तास आधी गेले. गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकला. एक टोपीवाला म्हातारा साहेब तो उचलून धावत खाली आला, तुमचा रुमाल पडला म्हणाला. वडिलांनी आभार मानले, पुढच्या खिडकीशी गेले, पुन्हा टाकला. साहेबाने पुन्हा आणून दिला. तिसऱ्या वेळी त्याने वडिलांचा हात धरून त्यांना डब्यात नेलं आणि खिडकीशी बसवलं. डब्यात ते दोघंच होते. आळी हसून हसून लोळली. मास्तर धोतराचा सोगा डोळ्यांना लावून हसत होते आणि मधेच विचारत होते, "पण देवळाचं छत? छत कसं?"

"मान दुकली वर बगून," वडील म्हणाले. मास्तरांना तेवढं पुरलं.

"आनि जेवलात कुठं?" आईने विचारलं.

वडिलांचा आवाज जरा उतरला. एका चहाच्या दुकानात बसले होते. बाईने चहा, पाव, अंडी आणून ठेवली. तिच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, वडिलांच्या हातावर आहेत तसेच. त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, तू जेवलीस का? ती हसली. म्हणाली, सगळे गेल्यावर.

"मग तो पाव घशाखाली उतरंना," वडील म्हणाले, आणि त्यांनी आईकडे बघितलं.

माझे कान गरम झाले. महिनाभर मी एका माणसाच्या एका सुट्टीसाठी आळीशी भांडत होते. दुसरं माणूस माझ्या शेजारीच चुलीपुढे होतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी चूल पेटवली. सुरमईचं कालवण केलं, भात केला, आणि खिडकीपाशी एकच पाट मांडला. आई आत येणार तेवढ्यात त्यांनी खिशातला रुमाल काढून पाटावर टाकला.

"बस. जागा धरलेली हाय."

आई हसत बसली, पण तिला बसवेना. मीठ आणू का, पाणी घेऊ का म्हणत दोनदा उठली. दोन्ही वेळा वडिलांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि वाढत राहिले. तिने तीनदा भात घेतला, कालवणाची वाटी पुसून खाल्ली. माझी आई पोटभर किती जेवते, हे मला सतराव्या वर्षी, त्या दिवशी कळलं.