काकांची डावी बाजू

आमच्या काकांना कोणतीही गोष्ट चांगली आहे असं म्हणता येत नसे. दुसरं कोणी म्हणालंच, तर मान किंचित तिरकी करून ते विचारत, "कशावरून?" सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी हे विचारलं होतं, आणि माझ्या लग्नात सासरे "आमचा मुलगा स्वभावाने शांत आहे" म्हणाले तेव्हा त्यांनाही विचारलं होतं. सरकारी बांधकामांची तपासणी करण्यात त्यांची उभी हयात गेली. कंत्राटदार त्यांना टरकून असत. निवृत्त झाल्यावर तपासायला बांधकामं उरली नाहीत, तेव्हा नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत त्यांनी काकूला तपासायला घेतलं.

पोळी खिडकीच्या उजेडात धरून ते तिची जाडी बघत. "इथे पातळ, इथे जाड. एकाच बाईने लाटली असेल असं वाटत नाही." काकू म्हणायची, "उद्या नीट करते." पाहुणे असले की त्यांना जास्तच चेव येई. "हिला मी आयुष्यभर शिकवलं. मी शिकवण्यात कमी पडलो नाही, एवढं नक्की." आम्ही हसायचो. काका बोलायचेच असे की हसू आवरत नसे, आणि काकूही पदर तोंडाला लावून हसल्यासारखं करायची.

मला काका फार आवडत, हेही सांगायला हवं. मी सुकापूरला फ्लॅट घेतला तेव्हा ताबा घेण्याआधी त्यांनी नाणं घेऊन एकेक फरशी ठोकून पाहिली होती. ज्या फरशा पोकळ वाजल्या त्या सगळ्या बिल्डरला उखडायला लावल्या. तो कुरकुरला तेव्हा म्हणाले, "तुमच्या घरात घालाल का ही फरशी? मग हिच्या घरात का?" माझ्यासाठी इतकं कोणी भांडलं नव्हतं. माझ्या बाथरूममधून खालच्या घरात आजही थेंब गळत नाही.

तर अशा माणसाने नवी गाडी घेतली. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखणारी, चालवणारा चुकला की टिंगटिंग वाजवून समोरच्या पडद्यावर संदेश देणारी. सुरुवातीला ती गप्प होती. मग एका हिवाळ्यात बोलायला लागली. 'गाडी पट्ट्याबाहेर जात आहे.' 'स्टिअरिंग नीट धरा.' कधी चहाच्या कपाचं चित्र यायचं, त्याखाली 'विश्रांती घ्या'. काकांचा संताप संताप झाला. "मला रिमार्क देणारा अजून जन्माला यायचाय, आणि हा डबा मला रिमार्क देतो?" त्यांनी गाडी थेट शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली.

तिथल्या टाय लावलेल्या मॅनेजरने गाडी कॉम्प्युटरला लावली, काचेवरचा कॅमेरा पुसला आणि सांगितलं, "सर, गाडी एकदम ओके आहे. काहीच फॉल्ट नाही. ड्रायव्हिंगमुळे येतात असे मेसेज." तो हे सगळ्यांनाच सांगत असावा, कारण सांगताना त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. वर म्हणाला, "चेकिंगचा चार्ज नाही घेत सर तुमच्याकडून."

तिथेच तो फसला. शोरूमवाल्याने सांगितलेला बिघाड आमच्या घरात आजवर कोणी खरा मानला नव्हता. सगळे लुबाडतात, यावर आमचं घराणं एकमताने उभं आहे. पण बिघाड नाहीच आणि पैसेही नकोत म्हणणारा शोरूमवाला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. काका म्हणाले, "फुकट सोडतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. कॅमेराच सदोष आहे, आणि ते यांना लपवायचंय." आम्हा सगळ्यांना ते पटलं. माझा नवरा म्हणाला, "काका, सोडू नका यांना." सोसायटीतले लोकही येता-जाता विचारायला लागले, "काय म्हणतंय शोरूम?" काकांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज परत आलं.

दर आठवड्याला ते काकूला घेऊन वर्कशॉपला जायचे आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मॅनेजरची सालटी काढायचे. एकदा मीही सोबत होते. वैतागून मॅनेजरने आपल्या माणसाला गाडी चालवायला दिली आणि काकांना शेजारी बसवून पळस्प्यापर्यंत फिरवून आणलं. गाडी एकदाही वाजली नाही. "बघा सर," मॅनेजर म्हणाला. काका म्हणाले, "काय बघू? तुमचा माणूस मुद्दाम सरळ चालवत होता!"

सगळे हसले. मग मॅनेजर काकूकडे वळला. "मॅडम, तुम्ही रोज शेजारी बसता. तुम्हाला काय वाटतं?" काकूने तोंड उघडलं होतं. पण काका मध्येच म्हणाले, "तिला काय विचारता? घरात चटणी वाढायचं भान नसतं तिला." काकूने तोंड मिटलं आणि मग म्हणाली, "मला गाडीत झोप लागते." ते खोटं होतं. येताना मी मागे बसले होते. काकू खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरून सगळा रस्ता टक्क जागी होती.

चटणीचं प्रकरण त्याच दिवसांतलं. काका ताटावर बसले की ओरडायचे, "चटणी कुठाय? कोशिंबीर कुठाय?" ते दोन्ही ताटातच असायचं, डावीकडे, जिथे असतं तिथेच. काकूने आधी दाखवून पाहिलं, तर "आत्ता गुपचूप वाढलीस" असा आरोप झाला. मग ती सगळं उजवीकडे वाढायला लागली, भाजीशेजारी गर्दी करून. मी कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांना तसं लागतं."

शेवटी मॅनेजरने हात टेकले. "सर, मेसेज नको असतील तर सेटिंगमध्ये बंद करता येतात. पण आम्ही नाही करणार. तुमचं तुम्ही करा." काकांनी सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या बोटाने ते बंद केले. "इतके दिवस यांना जमलं नाही ते मी एका बोटाने केलं," म्हणाले, आणि घरी येताना पेढे आणले. काकूनेही एक खाल्ला.

पुढच्याच महिन्यात पेणला मुंजीला जाताना पळस्प्याच्या पुढे एक ट्रेलर कडेला उभा होता. भर दुपारी, लख्ख उन्हात, मागे लाल फडकं लावून. काकांची गाडी डाव्या बाजूने त्याच्यात घुसली. काकांना खरचटलंही नाही. काकूचा डावा पाय गुडघ्यापासून चेचला गेला. लोक तिला बाहेर काढत होते तेव्हा काका विचारत होते, "हा ट्रेलर आला कुठून?"

हॉस्पिटलमध्ये त्यांचंही डोकं तपासलं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला एक छोटा झटका बऱ्याच महिन्यांपूर्वी येऊन गेलाय, त्यात दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली आहे. डावीकडचं त्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही हे कळतही नाही. "कशावरून?" काकांनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांना नाकासमोर बघायला सांगून डावीकडे बोट धरलं. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो. काका म्हणाले, "धरा की मग बोट, वाट कसली बघताय?"

काकू वॉकर घेऊन घरी आली. काकांना मान वळवून डावीकडे बघायची सवय लावायला सांगितलं होतं, ती त्यांनी लावली नाही. "मला दिसतंय," म्हणायचे. त्यांची खुर्ची गॅलरीत असायची. काकू काम आटोपलं की त्यांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसायची. मला आधी वाटलं, जागेची अडचण असेल. पण उजवीकडे ऐसपैस जागा होती.

काका गेले त्याआधी मी त्यांना शेवटचं भेटले, तेव्हा ती तिथेच बसून मेथी निवडत होती. काका फार खंगले होते. मला म्हणाले, "तुझी काकू कुठे गेली गं?" मी तिच्याकडे पाहिलं. तिने शांतपणे ओठांवर बोट ठेवलं. काकांनी घराच्या दिशेने हाक मारली, "अगं ए! ऐकलंस का?" आवाजात काही उरलं नव्हतं. "हे हल्ली असंच. हाक मारतो तर ओ देत नाही. तासन् तास कुठे जाते, कळत नाही. पाय धड नाही तिचा, पडली-बिडली तर?" मग माझा हात धरून म्हणाले, "तू जाऊन बघ ना जरा. एकट्याला फार भीती वाटते मला." त्यांचे डोळे भरून आले होते.

मला त्यांची दया आली, आणि काकूकडे बघायची भीती वाटली. तरी पाहिलं. तीही रडत होती. रडता रडता तिने मेथीची पानं खुडून ताटलीत टाकली, पुढची काडी उचलली, आणि ओ दिली नाही.