कुंपणापलीकडचं थंड सूप

माझा थीसिस पुरा होईपर्यंत मुलगी पुण्याला माझ्या आईकडे राहील, असं ठरलं होतं. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न होता. ती चार वर्षांची होती. मग विमानं थांबली, ऑस्ट्रेलियाने येण्या-जाण्यासाठी सीमा बंद केल्या आणि ॲडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरातल्या आमच्या घरात तिची खोली तशीच आवरलेली राहिली. शहरात करोना फारसा नव्हताच. लोक बीचवर जात होते, बार्बेक्यू करत होते. आमच्या घरात काय चाललंय हे सांगितल्याशिवाय कुणाला कळायचंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एकदाची तिला एका विमानात जागा मिळाली. पण सोबत यायची माझ्या आईला परवानगी मिळाली नाही आणि एवढ्या लहान मुलीला एकटीला विमान कंपनी घेईना. तिकीट रद्द झालं. नवरा फोनवर भांडभांड भांडला आणि मग खोलीचं दार लावून बसला. मी मागच्या अंगणात पायरीवर जाऊन बसले. ऊन नुसतं भाजत होतं.

कुंपणापलीकडे एक रशियन आजी एकट्या राहायच्या. त्यांच्याशी बोलणं म्हणजे आज कचऱ्याचा कुठला बिन बाहेर ठेवायचा, एवढंच. त्यांनी मला पाहिलं असावं. थोड्या वेळाने कुंपणावरून एक वाडगा पुढे आला.

"जेवलीस?"

"भूक नाही."

"म्हणूनच हे आणलं. गरम नाही. ओक्रोश्का."

तपकिरी, फसफसणाऱ्या पाण्यात काकडी, मुळा, बटाटा, उकडलेलं अंडं आणि वर भरपूर शेपू. ते पाणी म्हणजे राय नावाच्या धान्याचा काळा पाव आंबवून घरीच केलेलं क्वास. पहिल्याच चमच्याला माझं तोंड वाकडं झालं. ओला पाव रात्रभर डब्यात राहिल्यावर येतो तसा वास. घास कसाबसा गिळला.

आजींना राग आला नाही. "तुम्ही लोक ताक पिता ना? उद्या ये. केफिरचं करू."

केफिर म्हणजे दाटसर, आंबट ताकच. दुसऱ्या दिवशी गेले. काकडी बघून मी विचारलं, "किसू का?"

"अजिबात नाही! पाणी सुटतं. सगळं चिरायचं, बारीक, एका मापाचं."

त्यांनी पातीचा कांदा आणि शेपू मिठाबरोबर हिरवा रस सुटेपर्यंत चुरला, अंड्याचा बलक मोहरीच्या सॉसमध्ये कालवला. तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी फोन बरणीला टेकवून ठेवला.

"हे बघ काय करतेय. शेपू!"

"ई! मला नाही आवडत," मुलगी म्हणाली आणि मागे वळून ओरडली, "आई, माझा खाऊ कुठाय?"

ओ दिली ती माझ्या आईने. मग तिचं कुजबुजणं ऐकू आलं, "अगं, आजी म्हण, आजी." फोन घाईघाईने बंद झाला.

"तिने कुणाला हाक मारली?" रशियन आजींनी विचारलं.

"माझ्या आईला. आई म्हणून."

मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील आणि मग माझा धीर सुटेल. त्यांनी चिरलेल्या काकडीची फळी माझ्यापुढे सरकवली.

"हे तुकडे मोठे झालेत. अजून बारीक कर."

मी चिरत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

मग वरून गार केफिर ओतून आम्ही जेवलो. आंबट, खारट, शेपूचा उग्र वास. मी दोन वाडगे खाल्ले. उरलेलं घरी नेलं. नवऱ्याने ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं आणि म्हणाला, "फोडणी हवी होती." त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आम्ही एकमेकांशी नीट बोललो. आईच्या परवानगीसाठी पुन्हा अर्ज करायचं ठरलं.

तो अर्जही नाकारला गेला. सीमा उघडल्यावरच आई मुलीला घेऊन आली. विमानतळावर ती आईची ओढणी सोडेना. बराच वेळ मला निरखून म्हणाली, "तू एवढी उंच आहेस?"

आई परत गेल्यावर ती काही दिवस धड जेवली नाही. मग एका दुपारी तिने आपणहून वरणभात मागितला. मी भरवायला बसले.

"आजीसारखा नाहीये," ती म्हणाली. अर्धा खाल्ला. उरलेला मी संपवला.