लताबाईंचा घरकुलाचा अर्ज

पालिकेच्या दारात टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे, हा माझा धंदा. दिवसभरात किती अर्ज लिहिले ते घरी जाईपर्यंत विसरतो, पण डोकं फिरवणारे प्रसंग काही केल्या विसरत नाहीत. एकट्या लताबाईंचेच घ्या ना!

लताबाई मूळच्या युसूफ वडगावकडच्या. डाळमिलमध्ये कामाला, भाड्याच्या खोलीत मुक्काम, स्वतःचं घर कुठंच नाही. घरकुलाचा अर्ज घेऊन आम्ही खिडकीवर गेलो. क्लार्क म्हणाला, "घरपट्टीची पावती जोडा."

"अहो, घर असतं तर पावती असती! नाही म्हणूनच अर्ज आहे ना?"

"नाही कशावरून? पावती बघितल्याशिवाय आम्हाला कसं कळणार?"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि पावतीविनाच अर्ज आत सरकवला.

*

त्यांचे घरमालक तात्या. ओळीनं सहा खोल्या. अकरा महिन्यांचा करार संपला की प्रत्येक भाडेकरूनं भांडीकुंडी उचलून शेजारच्या खोलीत जायचं, सहाव्यानं पहिलीत. घरात बाळंतीण असो की आजारी माणूस, सुटका नाही! एकदा मी भांडलो तर तात्या म्हणाले, "आमच्या आज्याचं रान कुळानं नेलंय बे! माणूस एका जाग्यावर ऱ्हायला की मुळ्या धरतो."

*

व्हायचं तेच झालं. खोल्या बदलल्या आणि दुसऱ्याच दिवशी घरकुलाच्या चौकशीला साहेब आले. अर्जात खोली नंबर तीन, तिथं भलतंच कुटुंब. साहेबांनी लिहिलं, 'अर्जदार पत्त्यावर राहत नाही.'

शेजारच्या दारातून लताबाई ओरडल्या, "सायेब, मी हितं हाय की!"

"तुम्ही चार नंबरात आहात बाई. मला तीन नंबर तपासायचाय!"

अर्ज पुन्हा लिहिला. आता मला तो पाठच झाला होता.

*

आता उद्योगांची प्रगती ऐका. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत लताबाईंच्या डाळमिलच्या मालकाचे तीन प्लॉट. एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक मेहुण्याच्या. शेड तीन, मशीन एकच! उद्योग सुरू दिसला नाही तर प्लॉट परत जाणार. म्हणून तपासणीच्या दिवशी वसाहतीच्या साहेबांची जीप पोचायच्या आत मशीन ट्रॅक्टरवरून पुढच्या शेडमध्ये हजर, सोबत लताबाई.

तिसऱ्या शेडमध्ये साहेब थबकले. "बाई, तुम्हाला मघाशी पाहिलं का हो?"

"मी लई चपळ हाय सायेब!"

साहेब हसले आणि तिन्हीकडं लिहून गेले, 'उद्योग सुरू. कामगार: लताबाई.'

*

शेवटी घरकुलाची यादी फलकावर लागली. लताबाई मिलमधून तशाच धावत आल्या, केसांत डाळीचा भुसा. "भाऊ, माजं नाव वाचा की!"

मी वाचलं. 'अपात्र. अर्जदार तीन कारखान्यांत नोकरीस.'

माझं डोकंच तडकलं. "थांबा, आत्ताच्या आत्ता तक्रार लिहितो! वरपर्यंत जाऊ!"

लताबाई माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"तक्रार ऱ्हाऊ द्या भाऊ. मालकाचे दोन शेड तर रिकामेच हायती. ऱ्हायला मिळतील का, तेवढा अर्ज लिवा!"