चांदवेल हिरवी राहावी म्हणून

आमच्या घरामागच्या वाडीत चांदवेल नेमकी कधी शिरली ते सांगता येत नाही. वडील गेले त्या वर्षी वाडीकडे कोणी फारसं फिरकलं नव्हतं. भावाने त्याच उन्हाळ्यात शेणखताची एक ट्रॉली आणून तिथे रिकामी केली होती, त्यातूनच ती आली असं आई म्हणते. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ती आवडली होती, हेही खरं. जमिनीला चिकटून पसरलेली, बाणाच्या टोकासारख्या पानांची, सकाळी पांढरी फुलं उघडणारी वेल. मी दोन-चार फुलं तोडून शाळेत मुलांना दाखवायला नेली होती.

नागभीडला स्टेशनच्या पलीकडे वस्ती संपते आणि धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे आमचं घर आहे. घरात आम्ही तिघं. मी शाळेत शिकवते, धाकटा भाऊ शेती पाहतो, आणि वाडी आईची. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, कुंपणावर वालाचे वेल. वडील गेल्यावर आई कितीतरी दिवस नुसती बसून असायची. नंतर एका सकाळी ती आपणहून उठून वाडीत गेली आणि पुन्हा रोज जायला लागली, तेव्हा आम्हा दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. म्हणूनच त्या हिवाळ्यात चांदवेलीने वांग्याची झाडं आवळायला सुरुवात केली तेव्हा भाऊ इतका चिडला.

वेल बुंध्यापासून वर पीळ घालत चढायची आणि झाड वाकेपर्यंत सोडायची नाही. भावाने एक दिवस कुदळ घेतली आणि अख्खा वाफा खणून काढला. आत पांढरी मुळं होती, दोऱ्यासारखी, हात लावला की तुटणारी. त्याने वरवरची गोळा करून फेकली, माती सारखी केली आणि घाम पुसत म्हणाला, "संपली."

थोड्याच दिवसांत मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब आला. आधी एका कोपऱ्यात होती ती वेल आता सगळ्या वाफ्यात उगवली.  आई वाकून कोंब खुडत राहायची आणि भावाला ते पाहवत नसे.

धानोऱ्याकडे भावाचा एक मित्र आहे. एका लग्नात दोघांची भेट झाली, वेलीचा विषय निघाला, आणि मित्राने त्याला आपल्या घरून उरलेलं तणनाशक दिलं, कोल्ड्रिंकच्या हिरव्या बाटलीत ओतून. "बांधावर मारतो मी. एकदा मारलं का विषय खतम," असं तो म्हणाल्याचं भावाने मला नंतर सांगितलं.

तो मार्चमधला रविवार होता. आई सकाळच्या वंदनेला विहारात गेली होती. मी समोरच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. भावाने पाठीवरचा पंप भरला, वाफ्यावर फवारा मारला, पंप नळाखाली धुतला, बाटली कचऱ्याच्या खड्ड्यात टाकली आणि मोटर दुरुस्तीला टाकली होती ती आणायला गेला. संध्याकाळी आईला सांगू, असं त्याच्या मनात होतं. मला त्याने सांगितलं नाही, कारण मी कामात होते.

आई विहारातून आली, लुगडं बदललं आणि मागे गेली. चांदवेलीच्या मधून मधून चवळाई आपोआप उगवली होती, कोवळी, लाल देठांची. तिने ओंजळ-दोन ओंजळी खुडली, दोन पाण्यांनी धुतली आणि लसूण-मिरची घालून परतली. मीठ पाहायला मला बोलावलं. मी कढईतून चिमूटभर उचलून तोंडात टाकली आणि बरोबर आहे म्हणाले. मला पेपर संपवायचे होते, म्हणून आई एकटीच भात वाढून घेऊन जेवायला बसली.

भाऊ परत आला तेव्हा तिचं जेवण होत आलं होतं. तो दारात चपला काढत होता. त्याचं लक्ष ताटाकडे गेलं.

"माय, ही भाजी कुठची?"

"वाडीतली. चवळाई होय."

"कवा तोडली?"

"आत्ताच. विहारातून आल्यावर. काऊन गा?"

तो एक चप्पल पायात तशीच ठेवून आत आला आणि तिच्या समोरचं ताट उचललं. आईने त्याचा हात धरला. तिला वाटलं तो भाजीवरून रागावला. त्याने ताट ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी तिथी औषध मारलं सकाळी."

 त्याने गाडी काढली. आईने डोक्यावर पदर घेतला आणि मागे बसली. निघताना त्याने मला विचारलं, "तू खाल्ली का?"

"चव पाहिली फक्त."

"मग तू पण चाल."

"बाटली शोधते आधी. डॉक्टर तेच विचारतील."

आणि त्यांनी तेच विचारलं. ग्रामीण रुग्णालयातून भावाचा फोन आला तेव्हा मी खड्ड्यात उतरले होते. बाटली सापडली होती, पण ती कोल्ड्रिंकचीच बाटली, तिच्यावर औषधाचं नाव कुठून असणार. आत थेंबही नव्हता. भावाने ती विसळून टाकली होती. औषधाचा रंग त्याला आठवत नव्हता, बाटलीच हिरवी असल्यामुळे. त्याने फोन डॉक्टरांकडे दिला.

डॉक्टर तरुण होते, आवाज शांत होता. ते म्हणाले, "हे पाहा मॅडम, आईंना कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली आहे. भाजी धुतलेली होती, ही चांगली गोष्ट आहे. पण औषध कोणतं ते कळलं पाहिजे. एका प्रकाराने पान आठवड्याभराने पिवळं पडतं. ते असेल तर फारसं भ्यायचं कारण नाही. दुसरा प्रकार उन्हात काही तासांतच पान जाळतो. तो असेल तर मी यांना इथे ठेवणार नाही, सरळ चंद्रपूरला पाठवीन. त्याचा त्रास लगेच दिसत नाही, नंतर दिसतो. तुम्ही त्या मित्राला विचारा, आणि तोवर पानांवर नजर ठेवा."

मित्राच्या फोनवर त्याची बायको बोलली. तो पहाटेच मोहफुलं वेचायला रानात गेला होता आणि फोन घरी ठेवून गेला होता. मी तिला सगळं सांगितलं. ती फोन हातात घेऊनच गोठ्यात गेली, मला तिच्या चालण्याचा आवाज येत होता. मग ती थांबली.

"बाई, इथी दोन डबे हायेत. एक पिवळा, एक निळा."

"बांधावर कोणतं मारतात?"

"दोनीही मारते ते. आणि दोनीही अर्धे हायेत."

तिने दोन्ही डब्यांचे फोटो पाठवले. मी ते डॉक्टरांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं: पिवळा पहिल्या प्रकारचा, निळा दुसऱ्या. म्हणजे तिच्या गोठ्यात दोन्ही होते, आणि आमच्या वाडीत त्यातलं कोणतं आलं ते फक्त रानात गेलेल्या त्या माणसाला माहीत होतं. ती म्हणाली, मी कोणाला तरी पाठवते, पण रान मोठं आहे, कोणत्या बाजूला गेले ते सांगता येत नाही.

मी वाफ्याच्या कडेला जाऊन बसले. ऊन चढलं होतं. वेलीची फुलं मिटली होती आणि पानं तशीच हिरवी होती. ज्या वेलीचा हिवाळाभर राग केला, तिला मी मनातून विनवत होते की तू मरू नको. एकेक पान मी बोटाने उलटून पाहत होते. एका पानावर तपकिरी ठिपका दिसला आणि मी ते पान उन्हात धरलं. मग लक्षात आलं की त्याला किडीने खाल्लेलं भोक आहे, जुनं. माझा घसा कोरडा पडला होता. तो उन्हाने पडला की त्या चिमूटभर भाजीने, हे मला ठरवता येत नव्हतं. मी दोनदा उठून पाणी प्यायले.

दुपार कलली तशी वाफ्यातली पानं मान टाकायला लागली. कडा खाली वळल्या. मी भावाला फोन लावला.

"काय झालं बाई? जळली का?"

"वाळल्यासारखी दिसून राह्यली."

 फोनवर त्याच्या मागे कोणीतरी कोणाला तरी खुर्ची सरकवायला सांगत होतं. मग मला सुचलं. मी फोन चालू ठेवूनच उठले, कुंपणाला वळसा घालून बाहेर गेले. तिथे बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही चांदवेल होती, आमच्याच वाडीतून तारेखालून गेलेली. तिथे फवारा पोचणं शक्य नव्हतं. तिचीही पानं तशीच माना टाकून पडली होती. मी दोन्हीकडची पानं तोडून तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही मऊ, दोन्ही हिरवी.

"ऊन होय," मी म्हणाले. "बाहेरची पण तशीच हाये."

"पक्कं सांग."

"आत्ता तरी तसंच दिसते."

डॉक्टरांनी अजून थांबायला सांगितलं. चंद्रपूरची गाडी मात्र त्यांनी तयार ठेवायला लावली होती, हे भावाने मला तेव्हा सांगितलं नाही. मी पुन्हा वाफ्याजवळ बसले. शेजारची बाई कुंपणावरून काय हरवलं म्हणून विचारून गेली. मी काहीतरी उत्तर दिलं.

ऊन उतरलं तशी पानं हळूहळू सावरली. आधी सावलीतली, मग वाफ्याच्या मधली. काळी पडली नाहीत, जळली नाहीत. मी त्यांचे फोटो पाठवत राहिले. गाई परतायच्या वेळेला धानोऱ्याहून फोन आला. तो मित्रच होता, धापा टाकत बोलत होता. "पिवळ्या डब्यातलं दिलं गा मी. पिवळ्यातलं. निळं घरच्या बाहेर कोणाले देत नाई." मी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं आणि मग भावाला फोन केला.

आईला त्यांनी त्या रात्री ठेवून घेतलं. मी रात्री तिथे पोचले तेव्हा मलाही तपासलं. दुसऱ्या दिवशी आई घरी आली ती पहिल्यासारखीच, फक्त थकलेली. भाऊ ओसरीवर बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मले सांगतलं असतं तर मी तिकडं गेलीच नसती. एवढंच तर सांगाचं होतं."

तो रडला. वडील गेले तेव्हाही तो आमच्यासमोर रडला नव्हता. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण सांत्वनाचं काही बोलली नाही आणि मला ते बरोबर वाटलं.

आठवड्याभराने वेल पिवळी पडली आणि मेली. भावाने ती ओढून जाळली. पावसाळा लागला आणि खालच्या मुळांतून ती पुन्हा वर आली. आम्ही तिघंही वाफ्याकडे पाहत उभे होतो. भाऊ म्हणाला, "आता औषध नाई." मग आईने काय करायचं ते सांगितलं. खणायचं नाही, ओढायचं नाही. कोंब दिसला की जमिनीलगत कापायचा. पानांवाचून मूळ किती दिवस तग धरेल, ते पाहू. जिथे फार दाट आहे तिथे धान मळायची जुनी ताडपत्री अंथरायची, कडांना दगड ठेवायचे, वर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकायची.

कापायचं काम भावाने कोणाला करू दिलं नाही. शेतातून आला की हातपाय धुवायच्या आधी तो विळा घेऊन वाडीत जायचा. सणाच्या दिवशीही जायचा, अंगात ताप असतानाही. एकदा मी त्याला म्हटलं की आज राहू दे, एका दिवसाने काही होत नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. बरेच महिने आई वाडीतलं काही शिजवायला घ्यायची तेव्हा आधी त्याला दाखवायची, आणि तो मान हलवेपर्यंत चूल पेटवायची नाही. जेवताना तो तिच्या पहिल्या घासाकडे पाहायचा. तिलाही ते कळत होतं. ती सावकाश चावून खायची.

दुसऱ्या पावसाळ्यात कोंब बारीक आणि फिके यायला लागले. ताडपत्रीखाली मुळं कुजून मऊ झालेली सापडली. पुढच्या हिवाळ्यात आईने ताडपत्री काढून टाकायला सांगितली आणि त्या जागेवर लसूण लावला. वेल पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. धुऱ्यावर ती अजून आहे, पावसात तारेखालून आत यायला बघते. पण गेल्या महिन्यात भाऊ दोन दिवस ब्रह्मपुरीला एका कामाला गेला आणि जाताना वाडीबद्दल काहीच सांगून गेला नाही. तो परत आला तेव्हा आईने त्याला जेवायला वाढलं. तो शेतातल्या मोटरबद्दल काहीतरी सांगत होता, आणि बोलता बोलता आई कधी जेवायला लागली हे त्याच्या लक्षातही आलं नाही.